चोरून घातलेले टाके

आधी कबुली देऊन टाकते. एका शाळेतल्या पोरांनी बोटं टोचून घेत घातलेले टाके मी घरी नेऊन उसवले आणि सगळे पुन्हा स्वतःच घातले. चोरून.

तेव्हा मी अवघी बासष्ट वर्षांची पोर होते, अक्कल यायची होती. देवनहळ्ळीपलीकडच्या एका गावातल्या प्राथमिक शाळेत दर शुक्रवारी गोधडी शिकवायला जायचे. बंगळूरच्या जयनगरहून बस बदलत, मांडीवर चिंध्यांचं बोचकं. प्रत्येकाने एक चौकोन शिवायचा, मी सगळे जोडायचे आणि मग घरच्यांना बोलावून गोधडी दाखवायची, असा बेत.

जोडायला म्हणून चौकोन घरी आणले. टाके बघते तर काय, मुंग्यांची रांग वाटेत भांडण होऊन पांगावी तसे! लोक म्हणतील, हिने हेच शिकवलं? झालं, घेतली कात्री. चार दुपारी खपले आणि सगळे टाके प्रार्थनेला उभे राहिल्यासारखे सरळ केले. वर स्वतःवरच खूश!

दाखवायच्या दिवशी चौथीतली एक डावरी मुलगी आजीला ओढतच घेऊन आली. डाव्या हाताने कुठे शिवता येतं का, म्हणून घरी तिला सगळे चिडवायचे. आज ती दाखवणार होती. आजीने त्यासाठी द्राक्षमळ्यातल्या कामावर खाडा केला होता.

"हा बघ माझा! माझ्या जुन्या फ्रॉकचा!" पिवळ्या चौकोनावर बोट ठेवून ती म्हणाली, आणि मग टाके दिसताच तिने बोट मागे घेतलं.

आजीने गोधडी उलटी केली. "गाठ उजवीकडे कशी? तू तर डावीकडून शिवत येतेस. कुणाकडून करून घेतलंस गं?"

"मीच शिवलं, अज्जी! देवाशपथ!"

आता मात्र मला बोलावंच लागलं. घाबरले की माझं कन्नड थेट बेळगावचं होतं. त्याच कन्नडमध्ये सगळं ओकले. मुख्याध्यापिकाबाई छताची कौलं मोजायला लागल्या.

"सरी, ठीक आहे," आजी म्हणाली. माझ्याच पिशवीतली कात्री काढून तिने माझ्या हातात दिली. "उसवा."

सगळ्या गावासमोर बसून उसवलं. मुलीने तिथेच पुन्हा शिवलं. गाठ डावीकडे, मुंग्या पुन्हा भांडलेल्या. आजीने टाक्यांवरून अंगठा फिरवला, नातीला एक टपली मारली आणि शेजारणीला हाक मारून म्हणाली, "ये गं, बघ, हा आमच्या डावरीचा."

मग बाकीची पोरंही ओरडायला लागली, "आमचेपण उसवा!" पण बसची वेळ झालेली. मी सवयीने गोधडीची घडी घालायला घेतली. म्हटलं, उरलेलं घरून उसवून आणते.

डावरीने दुसरं टोक घट्ट धरलं आणि मला म्हणाली,

"अज्जी, गोधडी इथेच राहू दे. तुम्ही एकट्याच घरी जा."