अर्धा कोयता

पाथर्डीकडची झुंबरबाई अकरा हंगाम प्रवराकाठी ऊस तोडायला येत होती. नवरा-बायको मिळून एक कोयता, ही तिथली मोजणी. त्यामुळं यादीत नाव फक्त नवऱ्याचं.

सत्त्याण्णव साली साखर कारखान्यात कम्प्युटर आला. कोणत्या कोयत्यानं कुठं आणि कधीपर्यंत तोडायचं, ते तोच ठरवू लागला. त्या माघात झुंबरला गावी आजीजवळ ठेवलेल्या सहा वर्षांच्या लेकीची, मंदाची ओढ लागली. कोपीच्या, त्या झोपडीच्या पाचटात वारा शिरला तरी तिला "आये" ऐकू यायचं. शेवटी कारखान्याच्या गटऑफिसात जाऊन तिनं चार दिवसांची सुट्टी मागितली.

कारकून म्हणाला, "बाई, कम्प्युटरला अर्धा कोयता कळत नाही."

"मग त्याला सांगा, ह्या कोयत्याला लेक हाय."

"तशी जागाच नाही त्यात."

झुंबर भडकली. "सायेब, त्यो कारखान्याचं ऐकतो, मुकादमाचं ऐकतो. ज्याचं ठरवतो त्याला आधी इचारावं, यवढा नेम घाला की त्याला! आन् जागा न्हाई म्हंता? आमी एका दुपारात उघड्या रानात पाचटाची अख्खी कोपी हुबी करतो. तुमच्याच्यानं एका लेकीपुरती जागा हुईना व्हय?"