अक्काला बोलू द्या

आमच्या पिंपळे गुरवातला पहिला बी.ए. मी. हे सांगायला मला कधी लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. घरी त्याचा उपयोग एवढाच, की सरकारी कागद आला की वाचायचा आणि पुण्यात काही काम निघालं की पुढं व्हायचं. म्हणून अक्काला वेड्यांच्या इस्पितळात दाखवायचं ठरलं, तेव्हा साहेबाशी बोलणारा माणूस म्हणून माझीच नेमणूक झाली.

अक्का माझी थोरली बहीण. तिला समज लहानपणापासून कमी, आणि बोलायला फार वेळ लागायचा. हंडा सांडेल, भाकरी करपेल म्हणून आई तिच्या हातात काही देत नसे. त्या उन्हाळ्यात तिनं नवंच काढलं. दुपारी सगळे कलंडले की उथळ पाण्यातून नदी ओलांडून ती पिंपरीला जायची. तिथं कारखान्याचं बांधकाम चाललं होतं, ते बघत बसायची. आम्ही रोज शोधून आणायचो. तात्या, म्हणजे माझे थोरले चुलते, म्हणाले की पावसाळ्यात नदीला पाणी आलं तर पोरगी जाईल वाहून. त्यापेक्षा इस्पितळात कायमची ठेवा, दोन वेळचं जेवण तरी मिळेल.  इस्पितळाला निघालो, तेव्हा बैलगाडीत बसल्यापासून आईनं अक्काचा हात सोडला नव्हता.

तपासायला डॉक्टरीणबाई होत्या. मी रस्ताभर घोकलेलं इंग्रजी एका दमात म्हणून टाकलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि अक्काकडं बघत मराठीतच विचारलं, नाव काय तुमचं? नाव आईनं, तात्यांनी आणि मी एकदमच सांगितलं. जेवलात का, तर आई म्हणाली भाकरी खाल्ली. कुठं दुखतं का, तर तात्या म्हणाले तब्येत दगडासारखी हाय.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "दाखल व्हायला नेमकं कोण आलंय? तुम्ही तिघं का?"

तात्या दोन पावलं मागं सरकले. बाईंनी आम्हाला भिंतीकडच्या बाकावर बसवलं आणि तोंड उघडायचं नाही म्हणून बजावलं. मग अक्काला विचारलं, कारखान्यावर कशासाठी जाता? विचारलं आणि गप्प बसल्या. खूप वेळ गेला. तात्यांनी घसा खाकरला, मी त्यांचा गुडघा दाबला. उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं: तिला तसं काही कळत नाही.

अक्का बोलली. "तितं बायका पाट्या उचलत्यात. मला बी काम पायजे. घरी कुणी देत न्हाई."

एवढं लांब वाक्य तिच्या तोंडून आम्ही कधी ऐकलंच नव्हतं. खरं तर ऐकायला कधी थांबलो नव्हतो.

बाईंनी ठेवून घ्यायला साफ नकार दिला. म्हणाल्या, वाढ सावकाश आहे, पण घरात राहून शिकेल. एक काम द्या, हात धरून दाखवा, तेवढं जमलं की पुढचं. काही विचाराल तेव्हा उत्तराला थांबा. अधूनमधून दाखवायला आणा. आईनं तिथंच डोळ्यांना पदर लावला आणि त्यातच हसायला लागली. तात्यांचं मात्र समाधान होईना.

"निदान एखादं इंजेक्शन तरी द्या की बाईसाहेब. एवढ्या लांबनं आलोय."

"द्यायचं तर बोलणाऱ्यांना द्यावं लागेल," बाई म्हणाल्या. सगळ्यात आधी हसली ती अक्का.

आमचा भाजीचा मळा होता. आईनं तिला मेथीच्या जुड्या बांधायला बसवलं. आधी नुसती मूठ सारखी धरायची. ते बसल्यावर मुळं एका बाजूला घ्यायची. केळीच्या सोपटाची गाठ मारायला पुष्कळ दिवस गेले, दोघींची भांडणंही झाली. पण एकदा गाठ बसली आणि मग तात्यांनी बांधलेली जुडी अक्का सोडून पुन्हा बांधायला लागली. तात्या चिडायचे आणि खडकीच्या बाजारात तीच जुडी वर ठेवायचे.

पावसाळ्यात नदी दुथडी भरून चालली होती. मी कामावर निघालो होतो. तात्या गाडी जुंपून उभे, बैल ओढ घेत होते.

"अक्का, गाडी भरायची का?" तात्यांनी विचारलं आणि कासरा धरून गप्प उभे राहिले. बाजार टळत होता.

"थांबा की वाईच," अक्का मान वर न करता म्हणाली. "अजून हायेत बांधायच्या."