नोएमी नुसती मदत करते

नोएमी उर्दानेता माराकाइबोत चौदा वर्षं रिफायनरीच्या टाक्या डिझाइन करत होती. पण ते पडलं व्हेनेझुएला! तिथलं तेल वेगळं, लोखंड वेगळं, बेरीज-वजाबाकीही वेगळीच असणार. म्हणून २०१६ साली कॅनडात, कॅल्गरीला, तिला ड्राफ्ट्समनची नोकरी मिळाली, आणि वर सगळ्यांनी तिला नशीबवान म्हटलं.

इंजिनिअरचा परवाना हवा, तर परवानाधारकाच्या हाताखाली वर्षभर कॅनेडियन अनुभव हवा, आणि तो त्यानं फॉर्मवर लिहून द्यायला हवा. तिचे साहेब मिलिंद करंदीकर, म्हणजे आपलेच, पुण्याचे. आल्या आल्या तीन वर्षं पिझ्झे पोचवले, हे ते गणपतीच्या जेवणात दरवर्षी सांगतात. एवढे चटके सोसलेला माणूस आपल्याला समजून घेईल, असं नोएमीला वाटलं. सासुरवास भोगलेली सूनच पुढे कशी सासू होते, हे बिचारीला कुणी सांगितलं नव्हतं.

वर्षभर गणितं नोएमीनं केली, सह्या साहेबांनी. कॉलेजातून थेट नोकरीवर आलेल्या मेगनलाही तिनंच शिकवलं. मेगनच्या फॉर्मची वेळ आली तेव्हा साहेबांना फुरसत नव्हती, म्हणून तोही नोएमीनंच लिहिला: मेगननं पोलाद ठरवलं, पत्र्याची जाडी ठरवली. साहेबांनी न वाचता सही ठोकली. मेगनचा अनुभव मंजूर झाला.

मग नोएमीनं त्याच ओळी स्वतःच्या फॉर्मवर उतरवल्या. आता मात्र साहेबांना चष्मा सापडला. जिथे जिथे ‘ठरवलं’ होतं, तिथे त्यांनी ‘ठरवायला मदत केली’ असं केलं. घाई करू नये, आम्हीही सोसलंय, हा उपदेश वर फुकट. परवाना देणाऱ्या संस्थेनं कळवलं, मदत हा इंजिनिअरचा अनुभव नव्हे. नोएमी वॉशरूममध्ये जाऊन रडली आणि परत ड्रॉइंगला बसली.

मार्चमध्ये क्लायंट आला. टाकीला एवढं महाग पोलाद कशाला, साधं का नको, असं त्यानं विचारलं. साहेबांनी कागद चाळले, मग गोड हसून नोएमीकडे पाहिलं. गप्प बसावं, असं तिला फार वाटलं. पण त्या टाकीशेजारी माणसं काम करणार होती. उणे चाळीस अंशांच्या थंडीत साधं पोलाद कसं तडकतं, हे तिनं नीट समजावलं. क्लायंट खूश झाला. हे ठरवणारा इंजिनिअर कोण, असं त्यानं विचारलं.

“मिलिंद सर,” नोएमी म्हणाली. “मी इंजिनिअर नाही. तसं त्यांनीच लिहून दिलंय.”

मग क्लायंटनं पुढचा प्रश्न मिलिंद सरांना विचारला.