समोरच्या खोलीतला रिपोर्ट

दादा गेल्याचा फोन वहिनीनं स्वतः केला. "ताई, तुमचे दादा गेले. या लवकर," एवढंच म्हणाली. त्याच्या किडन्या दोन वर्षांपासून दगा देत होत्या, तरी माझ्या मनाची तयारी म्हणून काही नव्हतीच. मी ओट्यावरचा गॅस बंद केला... आणि पहिल्यांदा आठवलं ते त्याचं बोलणं नाही, माझं गप्प बसणं.

आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे. वडील रेल्वेत, म्हणून रायपूर. दादा मात्र जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणाऱ्या एका कारखान्यात लागला. रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं, गाड्या वाढल्या, तशा तिथल्या जुन्या बॅटऱ्यांच्या थप्प्याही वाढल्या. दादा भट्टीपाशीच डबा खायचा, त्याच कपड्यांत घरी यायचा आणि वर गुळाचा खडा चघळायचा. गुळानं शिसं पोटातून निघून जातं, अशी तिथल्या सगळ्यांची पक्की समजूत! इकडे लग्नाला दहा वर्षं होऊनही मूल नाही म्हणून आम्ही सगळे शोभावहिनीच्या मागे हात धुऊन लागलो होतो. औषधं तिला, उपास तिला, टोमणेही तिलाच. दादाला 'तपासून घे' म्हणायची कुणाची छाती नव्हती, माझीही नाही.

शेवटी एका नव्या डॉक्टरीणबाईंनी वहिनीला विचारलं, "नवरा काय काम करतो?" दहा वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. मग दादाचं रक्त आणि वीर्य तपासलं. रक्तात शिसं भरपूर, पुरुषी हार्मोन कमी, शुक्राणू थोडे आणि तेही मंद. बाईंनी समजावलं, की शिसं श्वासातून, हातातोंडातून अंगात जातं, हाडांत साठून राहतं. मेंदूकडून अंडकोषांना जाणारा निरोप बिघडवतं आणि शुक्राणूंनाही इजा करतं. शिसं हेच एकटं कारण असं छातीठोक सांगता येत नाही, पण पहिला संशय त्याच्यावरच. वहिनीत काहीच दोष निघाला नाही. तरी घरी येऊन तिनंच दादाला शपथ घातली, "कोणाले सांगू नका. लोक तुमाले नामर्द म्हणतील."

त्याच आठवड्यात माझ्या मुलीचं, पीहूचं बारसं होतं. चौबे कॉलनीतलं माझ्या सासरचं घर बायकांनी भरलं होतं. पाळण्याच्या वरून-खालून बाळ एकमेकींच्या हातात द्यायची वेळ आली, वहिनीनं हात पुढे केले आणि माझ्या सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही राहू द्या. लेकुरवाळी कोणी या." बाळ माझं होतं. मी एक शब्द बोलायला हवा होता. मी पदराशी चाळा करत राहिले, याची लाज मला आजही वाटते.

दादा दारातून आत आला. "मावशी, हिले काहून मांगं करता? हिच्यात काही खोट नाही. माझ्या रक्तात शिसं आहे. पोरं माझ्यामुळं होऊन नाही राहिली."

माझा दीर गडबडला. "भैया, औरतों के सामने ये सब..."

"क्यों? दस साल से पूछ भी तो औरत से ही रहे थे!"

वहिनीच्या डोळ्यांना धार लागली होती, पण हात तिनं मागे घेतले नाहीत. पीहू त्याच हातांत गेली.

दुसऱ्या दिवशी दादानं गोल बाजारातून तो रिपोर्ट फ्रेम करून आणला आणि आपल्या घरी समोरच्या खोलीत लग्नाच्या फोटोशेजारी टांगला. "येणाऱ्यानं आधी वाचावं, मग चहा प्यावा," म्हणायचा. लोक हसले, हसेनात का! कारखान्यातले तिघे आपापल्या बायकांना घेऊन ती फ्रेम बघायला आले आणि मग तपासणीला गेले. दादानं मालकाकडे आंघोळीची सोय, कामाचे वेगळे कपडे आणि जेवायला वेगळी खोली मागितली, तर मालकानं त्यालाच काढून टाकलं. त्या तिघांतल्या एकाला ते काम सोडल्यावर पुढे मुलगी झाली; त्यानं पहिला पेढा वहिनीच्या हातावर ठेवला. दादा-वहिनींना मूल झालं नाही.

तेरवीला एक नातेवाईक वहिनीला म्हणाले, "आता तरी ते काढा. त्याच खिळ्यावर फोटो लावू. गेलेल्या माणसाच्या अब्रूचा प्रश्न आहे." वहिनीनं माझ्याकडे पाहिलं.

"ते तिथंच राहील," मी म्हणाले, जरा मोठ्यानंच. "त्याची अब्रू पाहायची असेल, तर चष्मा लावा आणि वाचा."

पीहू आता कॉलेजात आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत देते. ती स्टूल ओढत आली. "मामी, हथौड़ी कहाँ है? दूसरी कील ठोक देती हूँ."

दादाचा फोटो आता शेजारच्या खिळ्यावर आहे. मागच्या रविवारी गेले, तर वहिनी फडकं घेऊन काचा पुसत होती... आधी रिपोर्टची, मग फोटोची.