बाटल्यांच्या खोलीचा राखणदार

धर्मा दारू प्यायचा त्या बावीस वर्षांत गावानं त्याला मुळीच त्रास दिला नाही. लग्नात तो मांडवाच्या खांबाशी आडवा झाला, तर माणसं त्याला ओलांडून जेवायला जात. बायको शकू त्याला घरी न्यायला आली, की दोघंतिघं आपुलकीनं रिक्षात चढवू लागत. दारू सोडल्यावर मात्र सगळ्यांना त्याची काळजी वाटू लागली. "तोंड उतरलंय रे तुझं." "एकदम सोडायची नसते, अंगाला धक्का बसतो." "औषधापुरती घेत जा." एकवीस दिवस दवाखान्यात काढले तेव्हाही त्याला इतके वैद्यकीय सल्ले मिळाले नव्हते.

गाव कामणच्या अलीकडचं, खाडीला लागून. धर्माचं थोडं भातशेत उरलं होतं आणि एका गोदामाच्या गेटवर नोकरी होती. दर मंगळवारी संध्याकाळी तो माणिकपूरला जायचा. तिथं चर्चच्या आवारातल्या एका खोलीत दारू सोडलेली माणसं गोल करून बसत. तिथलं बाहेर बोलायचं नाही, हा नियम धर्मानं कसोशीनं पाळला. गावाला सगळं कळलं, कारण त्याची भावजय माणिकपूरला भाजी घ्यायला गेली होती.

तिथं त्याला गॅब्रिएल अंकल भेटले. केळीची बाग असलेला, एकोणीस वर्षं न प्यालेला, हळू बोलणारा माणूस. ते म्हणायचे, "सुटली म्हणू नकोस. आज घेतली नाही, एवढंच म्हण." धर्माला हे पटत नसे. दहा महिने झाले होते. एवढ्यात माणसाला पास झाल्याचं काहीतरी मिळायला हवं, असं त्याचं मत होतं.

ते त्याला थोरल्या भावानं, काशीरामनं दिलं. त्याच्या मुलाचं, मितेशचं लग्न ठरलं. या गावात बाटल्यांशिवाय हळद लागत नाही. त्या एका खोलीत ठेवायच्या, दाराशी विश्वासातला माणूस बसवायचा आणि मागेल त्याला बेतानं द्यायच्या, ही रीत. मागच्या खेपेला नात्यातल्याच एका हळदीत पाहुणे यायच्या आधी राखणदारच चावी कमरेला लावून झोपला. सोयऱ्यांना तासभर सरबतावर काढावा लागला. गाव ती बेअब्रू विसरलं नव्हतं.

"चावी तुझ्याकडं," काशीराम म्हणाला.

"माझ्याकडं, दादा?"

"मग कोनाकडं? सगल्या गावात न पिनारा तूच एक."

या हुशारीत खोट काढायचं कोणालाही सुचलं नाही. उलट, हे आधी का सुचलं नाही याचीच सगळ्यांना हळहळ वाटली. आणि धर्मा? तो तर फुलून गेला. कित्येक वर्षांत त्याच्यावर कोणी काही सोपवलं नव्हतं; शकू त्याला दूध आणायलाही पाठवत नसे. त्याला चावीचा मोह पडला, बाटलीचा नव्हे, असं तो स्वतःला सांगत होता, आणि ते खरंही होतं. म्हणूनच ते जास्त धोक्याचं होतं. त्या मंगळवारी तो माणिकपूरला गेला नाही. लग्नाची कामं होती.

शकू वाल सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "नाय म्हना."

"दादाचा इस्वास हाय माझ्यावर."

"इस्वास हाय तर मांडवाच्या दारात पाव्हन्यांना या-बसा करायला उभं करा म्हनावं. बाटल्याच कशाला?"

धर्मानं इस्त्रीचा शर्ट कुठे आहे ते विचारलं.

हळदीच्या दिवशी पाच वाजता तो खुर्ची टाकून बसला. पहिला तास मोठ्या थाटात गेला. जे त्याला ओलांडून जात होते, ते आता "धर्माशेट, जरा बघा ना" म्हणत दारात ताटकळत होते. मग चुलतभाऊ भूपेश चौथ्यांदा आला, बाटली घेतली आणि उंबऱ्यातच पाडून फोडली. "सॉरी, धर्मादादा!" म्हणत दुसरी घेऊन गेला.

धर्मा फडकं घेऊन खाली बसला. वास नाकातून थेट कुठेतरी आत गेला, जिथं दवाखान्याचं औषधही पोहोचलं नव्हतं. आणि त्याचं डोकं भराभर, अगदी समजूतदारपणे चालू लागलं. खोक्याला धक्का बसलाय, बाकीच्या गळत नाहीत ना, बघायला हवं. वास जरा निराळाच येतोय. माल नकली असला तर? सोयऱ्यांना विषबाधा झाली तर दादाला तोंड दाखवता येईल? जबाबदार माणसानं एक घोट तपासून पाहिलेला बरा. गोदामातलं कामसुद्धा त्यानं इतकं पद्धतशीर कधी केलं नव्हतं. भान आलं तेव्हा उघडलेलं झाकण त्याच्या हातात होतं.

दुसऱ्या हातानं त्यानं फोन लावला.

"तिथं तुला बसवलं कोणी?" गॅब्रिएल अंकलनी विचारलं.

"भावानं. मी पीत नाय म्हनून."

"आधी दाराबाहेर ये. मग बोलू."

"दादाची अब्रू जाईल, अंकल."

"जाऊ दे. त्याच्याकडे पुष्कळ आहे. तुझ्याकडे दहाच महिने आहेत."

धर्मानं झाकण लावलं, दार ओढून कुलूप घातलं आणि मांडवात गेला. मितेशला हळद लागत होती. बँडवाले एरवी कोणासाठी थांबत नाहीत. नेमके तेव्हाच ते दम खायला थांबले.

"दादा, ही घे चावी. मला जमनार नाय."

"का? काय झालं?"

"अजून बसलो तर पिईन."

हे सगळ्या मांडवानं ऐकलं. सोयऱ्यांनी माना वळवल्या. काशीराम दातांतल्या दातांत म्हणाला, "दहा महिने झाले ना? मग सुटली कशाला म्हनत होतास?"

"म्हनत होतो खरं, दादा. चुकलं माझं. आज घेतली नाय, एवढंच."

तो घरी निघाला. मागून शकू आली, पुतण्याला हळद लावायची सोडून, पिवळे हात तसेच. शाबासकी वगैरे काही दिली नाही. "जेवला नाय तुमी," म्हणाली, "भात टाकते."

मांडवात निकाल लागला तो असा, की धर्माचं काही खरं नाही. तीस-तीस वर्षं रोज पिऊन ज्यांनी 'मला जमत नाही' असं एकदाही तोंडातून काढलं नव्हतं, त्यांना त्याच्या कच्च्या मनाचं फार वाईट वाटलं. चावी भूपेशकडे गेली. पुढे काय झालं ते निराळं सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी दुपारी लग्न लागलं. काशीराम धाकट्या भावाशी बोलला नाही. पुढे कित्येक आठवडे बोलला नाही. धर्मा पाण्याच्या पिंपाशी उभा राहून पोराबाळांना पेले भरून देत होता. सुजलेल्या डोळ्यांनी भूपेश तिथं आला. दोन पेले पाणी प्याला, मग रिकामा पेला हातात धरून नुसताच उभा राहिला. इकडेतिकडे पाहून म्हणाला,

"ते माणिकपूरचं... किती वाजता असतं?"

"मंगलवारी, साडेसहाला."

"माझ्यासाठी नाय. मेव्हन्यासाठी इचारतो."

भूपेशला बहीण नाही आणि त्याच्या बायकोला भाऊ नाही, हे धर्माला चांगलं ठाऊक होतं. त्यानं पेला पुन्हा भरून दिला.

"मेव्हन्याला एकटा पाठवू नको," तो म्हणाला. "पयल्या दिवशी पाय मागं येतात. साडेपाचला नाक्यावर थांबतो मी."