आंडेरपुढचा शेरा

"हा शब्द वाचून दाखव ना. तुझ्या तोंडून ऐकायला मजा येते." संपादक सर म्हणाले. कोशाच्या कार्यालयात, चहा पीत बसलेल्या प्राध्यापकांसमोर.

मी तिथे टायपिस्ट. मराठीत एम.ए. होऊनही टायपिस्टच. बोलींच्या शब्दकोशाचं काम चाललं होतं आणि घरात अहिराणी बोलणारी तिथे मी एकटीच. म्हणून मला उभं करायचे, शब्द वदवून घ्यायचे.

मी वाचलं, "आंडेर."

सगळे फिसकन हसले. एका मॅडमनी तोंडाला पदर लावला. "मुलीला काय म्हणतात बघा हे लोक," सर म्हणाले. "पुढे 'अशिष्ट' असं लिही गं."

अशिष्ट. म्हणजे चारचौघांत उच्चारू नये असा. माझे कान तापले. सटाण्याच्या बाजारात भाजी विकताना माझी आई चारचौघांतच मला तशी हाक मारते. इतक्या वर्षांत तिथे कुणी हसलं नाही.

एरवी हेच सर व्याख्यानांत सांगायचे, कोश म्हणजे भांडार. लोकांचं बोलणं जसंच्या तसं जपून ठेवायची जागा. शंका आली की माणूस कोश उघडतो आणि त्यात असेल ते खरं मानतो. मला तेच आठवलं आणि जीव घाबरा झाला. उद्या सटाण्याची एखादी पोरगी हा कोश उघडणार. तिला कळणार की तिची आई तिला घाणेरड्या शब्दानं हाक मारते. आणि ते टाइप केलेलं असणार मी!

"सर, यात अशिष्ट काय आहे?"

"तुला काय कळतं कोशातलं? टाइप कर."

"मी आंडेर शे," मी म्हणाले. 'आहे'ला 'शे' म्हणणारी घरची बोली त्या खोलीत पहिल्यांदाच आपणहून बोलले. "हा शेरा मी टाइप करणार नाही."

"मग उद्यापासून येऊ नकोस. टायपिस्ट ढिगानं मिळतात."

नाही गेले. आता अंबडला एका कारखान्यात बिलं टाइप करते. डोकं अजून शांत नाही, आणि ते व्हावं असं मला वाटतही नाही. सुट्टीच्या दिवशी सटाण्याची एसटी पकडते, बायकांमध्ये बसते, बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करते. कुठला शब्द कधी, कुणाला, कसा म्हणतात ते त्यांनाच विचारते. याचा कोश होणार. छापायला कुणी पुढे आलं नाही, तर मी छापणार. आणि त्यांचा कोश शेऱ्यासकट बाहेर आला, तर प्रकाशनाच्या दिवशीच उठून जाब विचारणार.