जुन्या जोत्यावरची लोखंडी कडी

मंडळी, आत्ताच तळेघरहून जुन्नरला परतले. नखांत अजून माती आहे, पण आधी हे सांगते.

आमच्या पडीक रानात एका घराचं जुनं जोतं आहे. तिथं कोण राहायचं, आता कुणालाच माहीत नाही. आज ते सपाट करायला जेसीबी आला आणि मातीतून बांगडीएवढ्या आकाराची जाड लोखंडी कडी निघाली.

"वहिनी, तोफेची असंल," माझे दीर म्हणाले. आमच्याकडं गंजलेलं काहीही सापडलं की ते शिवनेरीवरचंच असतं.

मला पटेना. कडीची खालची कड झिजून गुळगुळीत झाली होती. तेवढ्यात जोत्याच्या दगडात कोरलेलं उखळ दिसलं. आतला पाला काढून कडी तळाला टेकवली, तर ती बरोबर बसली. मुसळाच्या टोकाची कडी होती ती.

भात कांडून कांडून कुण्या बाईनं लोखंड झिजवलं होतं, आणि दगडसुद्धा.

दिरांनी वाकून उखळाच्या तळाला हात लावून पाहिला. मग जेसीबीवाल्याला म्हणाले, "भाऊ, हितं नको लावू. कुणाचं तरी घर हाय हे."

तुमच्या हातानं झिजलेलं असं काय सापडेल हो, तुमच्यानंतर?